एक कडेवर, एक बोटाला: दोन-तीन लहान मुलांच्या घरातील दिवस कसा निभवावा

पहिल्या मुलाच्या वेळी आईची धांदल उडते, कारण प्रत्येक काम नवे असते. दुसरे किंवा तिसरे मूल येईपर्यंत लंगोट बदलणे, अंगावर पाजणे, ताप मोजणे ही सगळी कामे हाताखालून गेलेली असतात, आणि तरीही दिवस अधिक अवघड जातो. कामाचे प्रमाण वाढलेले असते हे खरेच. पण खरी ओढाताण होते ती दोन-तीन गरजा एकाच मिनिटाला समोर उभ्या राहतात तेव्हा. धाकटे भुकेने रडत असते, मधला पॉटीवर बसून ‘झालं’ म्हणून हाका मारत असतो आणि थोरलीचा नेमका त्याच क्षणी एक बूट सापडत नसतो. तिन्ही कामे मिळून दहा मिनिटांची असतात, पण तिघांनाही ती आत्ताच हवी असतात. माझी मुले पाच वर्षांची, अडीच वर्षांची आणि सात महिन्यांची होती ते वर्ष मला सर्वांत कठीण गेले. त्या वर्षी मी तीन वेळापत्रके आखली आणि तिन्ही आठवडाभरात मोडली. टिकला तो एकच विचार, की कोणाला थांबवायचे, किती वेळ थांबवायचे आणि थांबताना त्याला कुठे ठेवायचे हे गडबड सुरू होण्याआधी ठरलेले असावे. पुढे जे लिहिले आहे ते याच विचाराच्या आधाराने, सहा-सात वर्षांखालची दोन किंवा अधिक मुले सांभाळणाऱ्या आईसाठी लिहिले आहे.

आधी कोणाकडे जावे

दोन मुलांना एकाच वेळी आई हवी असेल, तर पाय आपोआप जास्त जोरात रडणाऱ्याकडे वळतात. ही ओढ स्वाभाविक असली, तरी तिच्या मागे जाऊ नये. रडणारे मूल श्वास घेत आहे आणि ते कुठे आहे, एवढे तरी आपल्याला रडण्यावरून कळते. जे मूल अचानक गप्प झाले आहे त्याच्याबद्दल काहीच कळत नाही. अडीच वर्षांचे मूल दोन-तीन मिनिटे शांत असेल, तर ते बहुधा औषधाच्या बाटलीशी, शेगडीच्या बटणाशी किंवा पाण्याशी असते. लहान मूल पाण्यात बुडताना हाका मारत नाही, आणि त्याला बुडायला बादलीच्या तळाचे काही सेंटिमीटर पाणीही पुरते. म्हणून गोंधळ सुरू होताच आधी गप्प असलेल्या मुलाला एकदा डोळ्यांनी पाहून घ्यावे आणि मगच रडणाऱ्यांकडे वळावे.

त्यानंतरचा क्रम मी असा लावला होता: आधी जिथे इजा होऊ शकते ते, मग जे शरीराला थांबवता येत नाही ते, म्हणजे उलटी किंवा शी-शू, मग भूक, मग रुसवा किंवा दुःख, आणि शेवटी मागणी. भूक तिसऱ्या जागी आहे हे वाचून काहींना वाईट वाटेल, परंतु सुरक्षित जागी उताणे ठेवलेले निरोगी बाळ पाच मिनिटे दुधासाठी रडले तर त्याला अपाय होत नाही, आणि पॉटीवरून स्वतःच उठून घरभर फिरलेल्या मुलामागे आवराआवर करण्यात अर्धा तास जातो. नुकत्याच जन्मलेल्या किंवा वजन नीट न वाढणाऱ्या बाळाच्या बाबतीत मात्र दुधाची वेळ पुढे ढकलण्याची सवय लावू नये.

हा क्रम पाळता येण्यासाठी बाळाला क्षणात खाली ठेवता येईल अशी एक ठरलेली जागा प्रत्येक खोलीत असावी लागते. पलंग किंवा सोफा ही ती जागा नव्हे. बाळे साधारण चौथ्या महिन्याच्या आसपास कुशीवर वळू लागतात, काही त्याआधीही, आणि पहिल्यांदा वळण्यापूर्वी कोणतेही बाळ सूचना देत नाही. जमिनीवरची सतरंजी सर्वांत चांगली, कारण तिथून खाली पडायला जागाच नसते. मात्र घरात धावणारे मोठे भावंड असेल, तर कठडा असलेला पाळणा किंवा खाट लागते. बाळ झोपणार असेल तर ते उताणे आणि टणक गादीवर असावे, त्याच्याजवळ उशी, जाड पांघरूण किंवा मऊ खेळणी नसावीत. अमेरिकेत १९९४ पासून बाळाला उताणे झोपवण्याची मोहीम चालवली गेली आणि पुढील काही वर्षांत तिथे झोपेतील आकस्मिक बालमृत्यूंचे प्रमाण सुमारे निम्म्याने खाली आले. एकच मूल असलेल्या घरात ही काळजी एकदा घेतली की पुरते. आपल्या घरात पुरत नाही, कारण तीन वर्षांचा दादा बाळाला थंडी वाजेल म्हणून मायेने त्याच्या तोंडावर स्वतःचे पांघरूण टाकून जातो. झोपलेल्या बाळाच्या खोलीवरून जाताना प्रत्येक वेळी आत डोकवावे. दाराशी कोणी आले म्हणून जायचे असेल, तर चालते मूल आणि बाळ यांना एका खोलीत सोडू नये, बाळाला उचलून सोबत न्यावे.

आंघोळीच्या बाबतीत तडजोड नाही. पाण्यात बसलेल्या मुलाला ‘ताई आहे ना जवळ’ म्हणून सोडून जाऊ नये. पाच-सहा वर्षांच्या मुलीला पहारा करता येत नाही, आणि काही घडलेच तर ते ओझे ती जन्मभर वाहते. बाहेर जावेच लागले तर ओल्या मुलाला टॉवेलात गुंडाळून कडेवर घ्यावे.

थांबायला शिकवण्याची रीत

मुलांना थांबता येत नाही असे आपण म्हणतो, परंतु बहुतेक वेळा आपण त्यांना थांबायला सांगतो ते त्यांना न कळणाऱ्या भाषेत. तीन वर्षांच्या मुलाला ‘पाच मिनिटे’ म्हणजे काय हे ठाऊक नसते, आणि आपली पाच मिनिटे कधी दोन तर कधी वीस होतात हे मात्र त्याला चांगले ठाऊक असते. म्हणून घड्याळाऐवजी घटना सांगावी: ‘आधी बाळाचा लंगोट, मग तुझी बटणे.’ दोनच पायऱ्या सांगाव्यात, बोटांवर मोजून दाखवाव्यात, आणि लंगोट झाला की मध्ये दुसरे कोणतेही काम न घेता बटणांकडे जावे. भांडी अर्धी राहिली असतील, दूध गरम करायचे असेल, तरीही. पहिले पंधरा दिवस हे वचन एकदाही न मोडता पाळले, तर मूल थांबू लागते. ते मोडत राहिलो, तर ओरडल्याशिवाय आई येत नाही हा धडा ते पक्का करते, आणि आपणच तो शिकवलेला असतो.

वाळूचे छोटे घड्याळ मुलांना आवडते, कारण उरलेला वेळ त्यात दिसतो. माझ्या घरी ते दोन महिने चालले आणि मग त्यातील वाळू कशी लागते हे पाहण्यासाठी फोडण्यात आले.

दुसरी एक युक्ती साधी आहे, पण तिचा गुण मोठा आहे. मोठ्या मुलांना दिवसभर ‘थांब, बाळ रडतंय’ एवढेच ऐकू येते आणि त्यातून बाळाबद्दल मनात अढी बसते. म्हणून दिवसातून दोन-तीनदा बाळालाही मोठ्याने सांगावे: ‘बाळा, आता तू थांब, आता दादाची पाळी आहे.’ बाळाला त्यातील एक अक्षर कळत नाही, आणि आपण बहुतेक वेळा ते खेळत असतानाच हे म्हणतो. परंतु दादाच्या कानावर ते पडते. त्याचा चेहरा त्या वेळी पाहण्यासारखा असतो.

अंगावर पाजण्याची वेळ ही आईला जखडून ठेवणारी, आणि हे मोठ्या मुलांना दुसऱ्या दिवशीच उमगते. कपाटातील सगळे कपडे बाहेर निघतात ते याच वेळी. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे पहिले सहा महिने बाळाला केवळ आईचे दूध द्यायचे, आणि पुढे वरच्या अन्नासोबत दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ ते चालू ठेवायचे, म्हणजे ही जखडलेली वेळ बरेच महिने रोज अनेकदा येणार. तिच्यासाठी एक टोपली वेगळी ठेवावी, जी केवळ बाळ पीत असतानाच खाली येते आणि नंतर उंचावर जाते. तिच्यात चित्रांची पुस्तके, जाड खडू, ठोकळे असे काही असावे, आणि दर आठवड्याला त्यातील एखादी वस्तू बदलावी. पाजायला बसण्यापूर्वी मोठ्यांना शू करवून घ्यावी, पाण्याचा पेला हाताशी ठेवावा, खोलीचे दार आतून ओढून घ्यावे आणि मोठ्याला आपल्या मोकळ्या हाताच्या बाजूला बसवावे. एका हाताने पुस्तकाचे पान उलटता येते.

दिवसाचे सांधे

तीन मुलांचा दिवस मध्ये कुठे फारसा मोडत नाही, तो सांध्यांवर मोडतो: सकाळी घराबाहेर पडताना, संध्याकाळी स्वयंपाकाच्या वेळी आणि रात्री झोपताना. आखणी करायची ती या तीन तासांची करावी, बाकीचा दिवस जसा जाईल तसा जाऊ द्यावा.

सकाळचे निम्मे काम आदल्या रात्री होते. कपडे अंगात घालण्याच्या क्रमाने रचून ठेवावेत, बुटांच्या जोड्या दारात लावाव्यात, पिशव्या भरून दाराशी टांगाव्यात. तयार करताना थोरल्यापासून सुरुवात करावी आणि बाळ शेवटी घ्यावे, कारण बाळाला आधी तयार केले तर निघताना ते हमखास लंगोट भरते. निघण्याच्या वेळेपासून उलटे मोजत जावे आणि तिघांच्या घरात पंधरा मिनिटे अपघातासाठी राखावीत. ज्या दिवशी अपघात होत नाही, त्या दिवशी ती पंधरा मिनिटे दारात बसून मुंग्या पाहण्यात जातात, आणि तेही वाईट नाही. सगळ्यांचे मोजे एकाच रंगाचे घ्यावेत, म्हणजे जोडी शोधण्याचा प्रश्नच मिटतो. पेले आणि कंगवे मात्र प्रत्येकाचे वेगळ्या रंगाचे असावेत, कारण तिथे प्रश्न भांडणाचा आणि आजाराचा असतो.

संध्याकाळ ही सर्वांत वाईट वेळ, आणि त्यात आईची काही चूक नसते. लहान बाळांचे रडणे साधारण सहाव्या आठवड्याच्या सुमारास सर्वाधिक असते, दिवसाच्या उत्तरार्धात ते वाढते आणि तीन-चार महिन्यांनंतर ओसरू लागते. मोठी मुले त्याच वेळी भुकेलेली आणि दमलेली असतात, आणि आईला नेमके तेव्हा चुलीपाशी उभे राहायचे असते. या तिढ्यावर मला एकच उपाय लागू पडला: स्वयंपाकातील चिरणे, निवडणे, भिजवणे हे सगळे दुपारच्या शांत वेळी उरकून टाकणे आणि मुलांना मोठ्यांच्या आधी, उजेड असतानाच जेवायला बसवणे. दमलेल्या मुलाला उशिरा वाढले, तर ते जेवत नाही, रडते, आणि मग रात्री भुकेने उठते. मुलांना आंघोळ घालायचीच असेल तर तीही याच वेळी घालावी, कारण पाण्यात भांडणे कमी होतात आणि त्यांच्याजवळ बसून राहावे लागल्याने आपलीही दहा मिनिटे पाठ टेकते. या तासाला पडद्याचा आधार घेण्याचा मोह मला होत असे आणि काही दिवशी मी तो घेतलाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनात दोन वर्षांखालील मुलांसाठी पडदा नकोच, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एका तासाहून अधिक नको, असे म्हटले आहे. अनेक मुलांच्या घरात अडचण अशी, की थोरलीला दिलेला अर्धा तास बाळही पाहते. बाळाची पाठ पडद्याकडे राहील अशी बसण्याची जागा करावी, आणि शक्य तेव्हा ऐकण्याच्या गोष्टी लावाव्यात.

झोपेचे गणित वयावर ठेवावे. वर सांगितलेल्या मार्गदर्शनात चार ते अकरा महिन्यांच्या बाळासाठी १२ ते १६ तास, एक ते दोन वर्षांसाठी ११ ते १४ तास आणि तीन ते चार वर्षांसाठी १० ते १३ तास झोप सुचवली आहे, आणि त्यात दिवसाच्या झोपाही धरल्या आहेत. सहा वर्षांपुढच्या मुलांना ९ ते १२ तास लागतात. म्हणजे सगळ्यांना एकाच वेळी झोपवण्याचा आग्रह धरण्याचे कारण नाही, आणि एकाच आईला ते जमतही नाही. धाकट्याला आधी, मधल्याला त्यानंतर वीस मिनिटांनी आणि थोरलीला शेवटी झोपवावे. थोरलीला मिळणारी ही शेवटची वीस मिनिटे तिच्या मोठेपणाचा मोबदला म्हणून वापरता येतात. दिवसभर तिने जे गिळलेले असते ते या वेळी बाहेर येते, दिवे मालवल्यावर आणि आईचे तोंड दिसत नसताना. मधल्याला थोपवण्यासाठी बाळ झोपेपर्यंत पुस्तक घेऊन खाटेवर थांबण्याची मुभा द्यावी. तो खाली उतरून येईल, त्याला न बोलता परत नेऊन ठेवावे, आणि हे पहिल्या आठवड्यात रोज आठ-दहा वेळा करावे लागेल याची मनाची तयारी ठेवावी.

भांडणे

एक आणि तीन वर्षांची मुले एकत्र खेळत नाहीत म्हणून आया कष्टी होतात. मिल्ड्रेड पार्टेन या अमेरिकन संशोधिकेने १९३२ मध्ये मुलांच्या खेळाच्या ज्या अवस्था मांडल्या, त्यांत शेजारी बसून आपापले खेळणे ही एक स्वतंत्र अवस्था आहे, आणि दोन-अडीच वर्षांच्या मुलाकडून त्याहून अधिक अपेक्षा करू नये. त्याला ‘वाटून घे’ असे सांगणे म्हणजे ‘तुझे सोडून दे’ असे सांगणे असते. त्यापेक्षा ज्याच्या हातात आहे त्याचे खेळून होईपर्यंत ते त्याचे, आणि दुसऱ्याने जवळ बसून वाट पाहायची, हा नियम सोपा आणि पाळता येण्याजोगा आहे. प्रत्येकाची दोन-तीन खेळणी अशी असावीत, की ती कोणालाही द्यावी लागत नाहीत, आणि ती डब्यात बंद करून ठेवण्याचा त्याला अधिकार असावा.

भांडण सुरू झाल्यावर न्यायाधीश होऊ नये. आधी कोणी मारले हे आपण पाहिलेले नसते, आणि चौकशी करू लागलो की दोघेही वकिली शिकतात. चावणे, डोक्यात वस्तू मारणे, गळा धरणे हे दिसताच मध्ये पडून दोघांना वेगळे करावे, ज्याला लागले त्याच्याकडे आधी पाहावे, आणि मारणाऱ्याला थोडक्यात ‘चावायचे नाही, दुखते’ एवढे सांगून थांबावे. नुसती ओढाताण असेल तर हातातील काम चालू ठेवून जे दिसते आहे ते मोठ्याने म्हणावे: ‘दोघांना एकच गाडी हवी आहे.’ आश्चर्य वाटेल, परंतु अर्ध्या वेळा यावर तीच काहीतरी तोड काढतात.

थोरल्या मुलाला ‘तू मोठा आहेस ना, तू समजून घे’ हे वाक्य दिवसात किती वेळा ऐकू येते ते एकदा मोजून पाहावे. मी मोजले होते आणि दुपारपर्यंतच मला मोजणे थांबवावेसे वाटले. पाच वर्षांचे मूल बाळापुढे मोठे दिसते. तेच एकटे असते, तर घरातील लहानच राहिले असते. बाळ आल्यावर थोरले पुन्हा कपड्यात शू करू लागते, बोबडे बोलते, बाटली मागते. हे महिना-दोन महिने चालू द्यावे, बाटली मागितली तर द्यावी, मांडीवर आडवे घ्यावे, आणि त्याला हसू नये. त्याच्याकडून मदत अवश्य घ्यावी, पण मदत आणि जबाबदारी यांत फरक ठेवावा. कोरडा लंगोट आणून देणे ही मदत झाली. बाळ खाली पडणार नाही हे पाहणे ही जबाबदारी, आणि ती मोठ्या माणसाचीच.

मधल्या मुलाबद्दल थोडे वेगळे सांगितले पाहिजे, कारण ते सर्वांत कमी मागते आणि म्हणून सर्वांत कमी मिळवते. प्रत्येक मुलाला रोज दहा मिनिटे एकट्याची आई मिळावी असे म्हणतात. तीन मुलांत ते रोज जमत नाही हे मी स्वच्छ सांगते. मी पाळी लावली होती, एका दिवशी एक मूल. त्या दहा मिनिटांत काय करायचे हे मूल ठरवील, फोन दुसऱ्या खोलीत राहील आणि मुलाला त्याची पाळी कधी आहे हे आधी माहीत असेल, एवढ्या तीन गोष्टी सांभाळल्या की पुरे होते.

मोठ्यांची खेळणी आणि रांगते बाळ

पहिल्या मुलाच्या वेळी घर त्याच्या वयाचे असते. तिसऱ्याच्या वेळी घरभर पाच वर्षांच्या मुलीचे मणी, चुंबक आणि गाड्यांतील बटणासारख्या चपट्या बॅटऱ्या पसरलेल्या असतात. अशी बॅटरी गिळून अन्ननलिकेत अडकली, तर दोन तासांतही गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते, म्हणून ती गिळल्याची शंका जरी आली, तरी त्रास दिसण्याची वाट न पाहता तातडीने रुग्णालय गाठावे. एकाहून अधिक चुंबक गिळले गेले, तर ते आतड्याच्या भिंतींतून एकमेकांना चिकटतात, त्यालाही तितकीच घाई लागते. टॉयलेट पेपरच्या रिकाम्या पुठ्ठ्याच्या नळीतून जी वस्तू आरपार जाते, ती बाळाच्या हाती लागू नये, हे सोपे माप थोरल्या मुलालाही शिकवता येते. माझ्या मुलीने ते खेळ म्हणून घरभर लावून पाहिले आणि मला न सुचलेल्या अनेक वस्तू शोधून काढल्या.

बाळासाठी घेतलेले कठड्याचे कुंपण उलटे वापरावे, हा मला सुचलेला सर्वांत उपयोगी उद्योग होय. बाळाला आत कोंडले, तर ते रडत बसते. त्याऐवजी थोरलीने आपले मणी आणि कात्री घेऊन आत बसावे आणि बाळाने बाहेर मोकळे रांगावे. तिलाही कोणी ओरबाडत नाही, आणि बाळाला जग मोकळे मिळते.

आजारपणाची पाळी

लहान मुलांना वर्षाला सहा ते आठ वेळा सर्दी होणे सामान्य मानले जाते. तिघांचा हिशेब केला तर घरात नाक वाहत नाही असा आठवडा दुर्मीळच. कांजिण्यांसारखा आजार तर घरात पाळीनेच फिरतो: पुरळ दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत तो पसरतो, लागण झाल्यावर पुरळ यायला १० ते २१ दिवस लागतात, आणि लस न घेतलेल्या भावंडांपैकी बहुतेकांना तो होतोच. म्हणजे पहिले मूल उठून खेळू लागले की दुसरे अंथरूण धरते. अशा वेळी आईने पहिल्या आठवड्यातच सगळी शक्ती संपवू नये. उवा एकीच्या डोक्यात दिसल्या, तर त्याच दिवशी सगळ्यांची डोकी तपासावीत. हात साबणाने २० सेकंद धुण्याची सवय बाहेरून आल्यावर आणि जेवणाआधी सर्वांना एकदम लावावी.

औषधात घोटाळा होतो तो दोन कारणांनी. एक म्हणजे मुलांचे ताप एकाच वेळी येतात आणि कोणाला कधी दिले हे रात्री तीन वाजता आठवत नाही. दुसरे म्हणजे आईने दिलेले औषध बाबाही देतो. बाटलीजवळ एक कागद दोरीने बांधून ठेवावा आणि त्यावर मुलाचे नाव, वेळ, प्रमाण आणि देणाऱ्याचे नाव लिहिल्याशिवाय बाटली जागेवर जाऊ नये. तापाच्या औषधाचे प्रमाण मुलाच्या वजनावरून ठरते, म्हणून डॉक्टरांनी थोरलीसाठी लिहिलेले प्रमाण मधल्याला अंदाजे निम्मे करून देऊ नये. थेंब आणि पातळ औषध यांची तीव्रताही वेगळी असते. मुलांना अ‍ॅस्पिरिन देऊ नये. तीन महिन्यांखालील बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक ताप आला, तर तो भावंडाकडून लागलेला साधा ताप असेल असे समजून थांबू नये, लगेच डॉक्टरांना दाखवावे. प्रत्येक मुलाच्या लसींची नोंद स्वतंत्र ठेवावी. तिसऱ्याची एखादी लस राहून जाते, कारण ती ‘दिलेली आठवते’, आणि आठवत असते ती थोरलीची.

आईचे स्वतःचे

‘बाळ झोपले की तू झोप’ हा सल्ला देणाऱ्याच्या घरी एकच मूल असते. आपल्या घरी बाळ झोपते तेव्हा मधला उठतो. तरी दुपारी एक तास सर्वांसाठी शांततेचा ठेवता येतो: झोप न येणाऱ्याने आपल्या अंथरुणावर पुस्तक किंवा बाहुली घेऊन बसायचे, बोलायचे नाही. सुरुवात दहा मिनिटांपासून करावी आणि हळूहळू वाढवावे. या तासात घर आवरू नये. मी वर्षभर आवरत राहिले, आणि तो तास संपताच घर पुन्हा जसेच्या तसे होत असे. आडवी झाले असते, तर निदान मी तरी वेगळी असते.

संताप येतो. तिघे एकदम रडत असताना ज्या आईचे हात कधी थरथरले नाहीत, ती मला अजून भेटायची आहे. अशा वेळी बाळाला पाळण्यात उताणे ठेवावे, मोठ्यांना सुरक्षित खोलीत बसवावे आणि आपण दोन-चार मिनिटे दुसऱ्या खोलीत जाऊन तोंडावर पाणी मारावे. बाळाला गदागदा हलवू नये, कारण त्याने मेंदूला कायमची इजा होऊ शकते. बाळंतपणानंतर पहिले काही दिवस रडू येणे नेहमीचे आहे, परंतु उदासी, काहीच नकोसे वाटणे किंवा मुलांना इजा होईल अशी भीती दोन आठवड्यांहून अधिक राहिली, तर तो आजार असतो आणि त्यावर उपचार आहेत. स्वतःला किंवा बाळाला काही करावे असा विचार मनात आला, तर दोन आठवडे मोजत बसू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना आणि घरातील जाणत्या माणसाला सांगावे. डोनाल्ड विनिकॉट या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञाने आई पुरेशी चांगली असली की मुलाला ते पुरते, अशी मांडणी गेल्या शतकाच्या मध्यावर केली. आईकडून थोडे थोडे चुकत जाण्याने मूल वास्तवाशी जुळवून घ्यायला शिकते, असे त्याचे म्हणणे होते. थकलेल्या संध्याकाळी मला त्याचा मोठा आधार वाटला.

मदत मागताना संपूर्ण काम द्यावे. ‘जरा मुलांकडे बघ’ असे म्हटले की मदतनीस बघतो, आणि विचार करण्याचे काम आपल्याकडेच राहते. नवऱ्याकडे दातांचे आणि लसींचे खाते सोपवावे, म्हणजे तारीख लक्षात ठेवण्यापासून मुलाला नेऊन आणण्यापर्यंत सगळे त्याचे. तो आपल्यापेक्षा वेगळ्या रीतीने करील, त्यात दुरुस्ती करू नये. पाहुणी म्हणून आलेली मावशी किंवा आत्या बाळाला मांडीवर घेऊन बसू इच्छिते, पण खरी मदत होते ती तिने मोठ्या दोघांना तासभर बाहेर नेले तर. हे स्पष्ट सांगायला सुरुवातीला जीभ अडखळते.

जो कोणी मुलांजवळ थांबणार असेल, त्याच्यासाठी एक कागद भिंतीवर लावून ठेवावा. त्यावर प्रत्येक मुलाची झोपेची वेळ, त्याला चालत नसलेले पदार्थ आणि औषधे, कशाने ते शांत होते ती वस्तू, डॉक्टरांचा आणि शेजारच्यांचा क्रमांक, आणि एकाच वेळी सगळे रडू लागले तर कोणाकडे आधी पाहायचे, हे लिहावे. बाळाच्या झोपा दर दोन-तीन महिन्यांनी बदलतात, म्हणून तो भाग पेन्सिलने लिहावा.